टेकडीवरील झाडे आणि शेतातील माती

टेकडीवर झाडे लावली म्हणजे माती वाहून जाण्याचे थांबते, असे पुष्कळांस वाटते. हे म्हणणे बरेचसे खरे आहे, परंतु पुरते खरे नाही. जो भाग सांगावयाचा राहतो, तो न जाणल्यामुळे लावणाऱ्याचे श्रम फुकट जाण्याचा संभव असतो. म्हणून ह्या पाठात आम्ही त्याच भागाचा विचार करणार आहो.

प्रथम माती कशी जाते ते पाहू. पावसाचा मोठा थेंब दर सेकंदास सुमारे ९ मीटर वेगाने खाली येतो. उघड्या जमिनीवर तो आदळला म्हणजे ढेकूळ फुटते, आणि उडालेले बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवितात. मग पाणी आत मुरत नाही. ते गढूळ होऊन उतारावरून धावू लागते. एका एकरावरून केवळ १ मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर सुमारे ५ टन माती गेली असे समजावे. एवढी घट डोळ्यांस दिसतही नाही. परंतु ती भरून येण्यास अनेक वर्षे लागतात.

आता झाड काय करिते? मुळ्या माती धरून ठेवितात व पाण्यास आत जाण्याची वाट करून देतात, हे खरे. परंतु थेंबाचा मार चुकविण्याचे मुख्य काम शेंड्याचे नसून झाडाखालील पालापाचोळ्याचे व गवताचे आहे. सागाचेच उदाहरण घ्या. त्याच्या रुंद पानावर बारीक थेंब एकत्र मिळून टपोरे होतात, आणि ८–१० मीटर उंचीवरून पडताना त्यांस जवळजवळ पूर्ण वेग येतो. खाली पाला असल्यास चिंता नाही. पण वणव्याने तो जळला असेल, तर सागाखालच्या जमिनीस उघड्या माळाहूनही अधिक मार बसू शकतो.

दुसरी गोष्ट अशी की, झाडही पाणी पिते. दक्षिण आफ्रिकेत स्टेलेनबॉश गावाजवळील योंकर्सहुक खोऱ्यात १९३० नंतरच्या दशकात ओढ्यांचे पाणी मोजण्यास आरंभ झाला. जेथे पाइनची दाट लागवड झाली, तेथे झाडे वाढू लागली तसतसे ओढ्याचे पाणी कमी झालेले आढळले. म्हणून १९९८ च्या कायद्याने त्या देशात व्यापारी वृक्षलागवड ही ओढ्याचे पाणी घटविणारी गोष्ट म्हणून गणली आहे. तेव्हा थोड्या पावसाच्या मुलुखात लवकर वाढणारी झाडे दाट लावणे शहाणपणाचे नव्हे.

मग करावे काय? अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाहा. तेथे पाऊस थोडा. १९९० नंतर गावकऱ्यांनी टेकड्यांवर समतल चर खणले, झाडे लावली, झाडतोड व मोकाट चराई बंद केली. गवत कापून न्यावे, पण गुरे सोडू नयेत, असा नियम केला. ऊस व केळी ह्यांसारखी फार पाणी पिणारी पिकेही सोडिली. विहिरींस पाणी राहू लागले, ते ह्या सर्व गोष्टी मिळून झाल्यामुळे. एकट्या झाडांमुळे नव्हे.

ज्याच्या दारी दोन शेळ्यांखेरीज दुसरे धन नाही, त्यास चराईबंदी जड जाते, हे आम्ही जाणतो. ह्यास्तव सर्व टेकडी एकदम बंद न करिता एक एक भाग राखावा, आणि कापलेल्या गवताचा पहिला वाटा भूमिहीनांस द्यावा. गरिबास उपाशी ठेवून राखलेले रान फार दिवस टिकत नाही.

शाळेतील मुलांस हा पाठ प्रत्यक्ष दाखविता येईल. पत्र्याच्या दोन सारख्या पन्हळी घेऊन त्यांत माती भरावी व त्या सारख्याच उतारावर ठेवाव्या. एकीवर वाळलेला पाला पसरावा, दुसरी उघडी ठेवावी. मग दोहोंवर झारीने सारखेच पाणी घालून, खाली येणारे पाणी दोन पांढऱ्या भांड्यांत धरावे. कोणते भांडे अधिक गढूळ झाले, हे मुलेच सांगतील.

वाचकहो, येत्या पावसाळ्यात आपल्या ओढ्याचे पाणीही असेच पाहा. ते गढूळ असेल, तर टेकडीवर किती झाडे आहेत हे मोजण्यापूर्वी त्यांच्याखाली काय उरले आहे ते पाहून या.