देव, मनुष्य आणि खरेपणाच्या पायऱ्या

अभ्यासासाठी वाचावे : निर्गम ३, योहान ११, इब्री १ व २.

काही वर्षांमागे तुळजापुराजवळच्या एका वस्तीवर एका बाईचे मूल तापाने दगावले. समाचारास आलेले एक वृद्ध गृहस्थ सद्भावनेनेच म्हणाले, “बाई, ही सगळी माया आहे; रडतेस कशाला?” तेव्हा ती मजकडे वळून म्हणाली, “पाळकसाहेब, देव खरा, तर माझं लेकरू खोटं होतं का?”

हा प्रश्न पुष्कळ विद्वानांनी चर्चिला आहे. अद्वैत वेदान्तात सत्ता तीन प्रकारची मानितात. ब्रह्माची ती पारमार्थिक, व्यवहारातील जगाची ती व्यावहारिक, आणि दोरीवर भासणाऱ्या सापाची ती प्रातिभासिक. जग हे सापासारखा निव्वळ भास आहे, असे वेदान्ती म्हणत नाहीत, हे उपदेशकांनी न्यायाने ध्यानात ठेवावे. तथापि ब्रह्मज्ञान झाले असता जगाचे खरेपण उरत नाही, असे ते मानितात.

काशीस वाढलेले चित्पावन पंडित नीलकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) ह्यांनी ह्या मताचा कसून विचार केला. १८४८ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला व ते नेहेम्या गोरे ह्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांच्या ‘षड्दर्शनदर्पण’ ह्या हिंदी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८६२ साली निघाले. त्यात त्यांनी ह्या तीन सत्तांची परीक्षा केली आहे. वस्तू एक तर आहे किंवा नाही. मधली अर्धी सत्ता बुद्धीस पटत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

मग देव व मनुष्य सारखेच खरे काय? येथे भेद करावयास पाहिजे. देव स्वतःच्या ठायी आहे. जळत्या झुडपापाशी त्याने मोशेला आपले जे नाव सांगितले, त्याचा अर्थच हा. आपले असणे त्याने दिलेले आहे. ऑगस्टिन (३५४–४३०) ह्यांनी देवाच्या तुलनेने सृष्ट वस्तूंचे असणे अपुरे म्हटले, ते ह्याच अर्थाने. परंतु दिलेले म्हणजे खोटे नव्हे.

कुंभाराचा दृष्टान्त घ्या. मडके हा कुंभाराचा तुकडा नव्हे, आणि त्याचे स्वप्नही नव्हे; ते खरोखर आहे. मात्र दृष्टान्ताला मर्यादा आहेत. कुंभारास माती लागते. देवाने काही नसता सर्व उत्पन्न केले. कुंभार मेला तरी मडके राहते. देवाने हात काढला तर आपण क्षणभरही राहणार नाही.

आता कोणी म्हणेल, देव व मनुष्य ह्यांच्या मध्ये ख्रिस्त ही एक पायरी असेल. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या आरियसाने तसेच शिकविले : पुत्र हा सर्व सृष्टीहून थोर, तरी उत्पन्न केलेला. ३२५ साली नायसियाच्या सभेने ते नाकारिले. कारण उघड आहे. अर्धा देव आपणांस देवापर्यंत नेऊ शकत नाही आणि अर्धा मनुष्य आपले दुःख जाणू शकत नाही. प्रभु येशू पूर्ण देव व पूर्ण मनुष्य आहे. तो मधली पायरी नव्हे. तो स्वतः खाली आलेला देव आहे. देवदूत देखील आपल्यासारखेच त्याने उत्पन्न केलेले सेवक होत.

ह्यावरून दुसरीही गोष्ट निघते. उत्पन्नकर्ता एक, आणि बाकी सर्व उत्पन्न केलेले. म्हणून माणसामाणसांत कोणी अधिक खरा व कोणी कमी खरा असे नाही. गावकुसाबाहेर जन्मलेला व वाड्यात जन्मलेला, दोघांनाही असणे एकाच हातून मिळाले आहे.

त्या बाईला मी पंडितांचे काही सांगितले नाही. लाजाराच्या कबरेपाशी प्रभु रडला, एवढेच वाचून दाखविले. तो त्याला उठविणार होता, तरी रडला. जे नाहीच, त्यासाठी देवाचा पुत्र अश्रू ढाळील काय? “म्हणजे माझं लेकरू खरंच होतं,” ती म्हणाली, आणि मग मोकळेपणी रडली. आम्ही तिला रडू दिले.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :
१. ‘दिलेले’ आणि ‘खोटे’ ह्यांत भेद काय?
२. कुंभाराचा दृष्टान्त कोठे अपुरा पडतो?
३. ख्रिस्त मधली पायरी असता तर आपले काय नुकसान झाले असते?
४. शोक करणाऱ्याच्या घरी प्रथम काय करावे?