संकरित मोटार : घ्यावी की न घ्यावी?

मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या आयुष्यात घराखालोखाल सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटारगाडीची. दहा-पंधरा लाख रुपये एकदम खर्ची पडतात, आणि निवड चुकली तर ती चूक निदान आठ वर्षे दारात उभी राहते. अलीकडे या खरेदीत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. विक्रेता दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करतो. बाहेरून दोन्ही सारख्याच. पण एकीवर ‘हायब्रिड’ अशी लहानशी पट्टी असते व तिची किंमत काही लाखांनी अधिक असते. ही जादा रक्कम परत मिळते काय, आणि मिळत असल्यास कोणाला, हे पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमांनी व थोड्या अंकगणिताने ठरविता येते. ते कसे, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम गाडीच्या घडणीविषयी थोडे. आटोपशीर एस. यू. व्ही. म्हणून जे वाहन विकले जाते, ते बहुधा लहान मोटारीचेच उंचावलेले रूप असते. तिच्यात बसता-उठताना वृद्धांच्या गुडघ्यांना त्रास कमी पडतो, आणि तळ जमिनीपासून सुमारे दोनशे मिलिमीटर उंच असल्याने तो गतिरोधकावर घासत नाही. या सोयींची किंमत वजनाच्या व हवेच्या विरोधाच्या रूपाने द्यावी लागते. आकाराच्या बाबतीत मात्र शास्त्रापेक्षा करआकारणीचाच हात अधिक दिसतो. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांपर्यंत लांबीच्या व लहान एंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क कमी केले, आणि तेव्हापासून कित्येक गाड्यांची पाठ चार मीटरांच्या आत कापलेली आढळते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले, त्यांतही ही रेषा राहिली : चार मीटरांपर्यंत लांब व बाराशे घन सेंटिमीटरांपर्यंतच्या पेट्रोल-एंजिनाच्या गाडीस १८ टक्के, मोठ्या गाडीस ४० टक्के, आणि केवळ विजेवर चालणाऱ्या गाडीस ५ टक्के. २०२२ मध्ये भारतात आलेल्या मारुती ग्रँड व्हिटारा व टोयोटा हायरायडर या संकरित गाड्या दीड लिटरच्या एंजिनाच्या व चार मीटरांहून लांब, म्हणून ४० टक्क्यांच्या वर्गात पडतात.

आता मुख्य विषयाकडे वळू. माणसांसह चौदाशे किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या ठायी सुमारे ८६ हजार जूल गतिज ऊर्जा असते. चौकात तांबडा दिवा लागला की चालक ब्रेक दाबतो, आणि या ऊर्जेतील बराच भाग ब्रेकच्या चकत्या तापविण्यात नाहीसा होतो. हिरवा दिवा लागताच तेवढीच ऊर्जा पुन्हा पेट्रोलातून मिळवावी लागते. एक लिटर पेट्रोलात सुमारे ३ कोटी २० लाख जूल साठलेले असतात. परंतु शहराच्या गर्दीत त्यांचा जेमतेम पाचवा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो असे धरू. हिशेब केल्यास प्रत्येक थांब्याचे मोल तेरा-चौदा मिलिलिटर पेट्रोल निघते. बंगळूरमध्ये कचेरीला जाता-येता तीस वेळा थांबावे लागणारा मनुष्य दररोज सुमारे ४०० मिलिलिटर पेट्रोल अशा रीतीने केवळ पुन्हा पुन्हा वेग घेण्यात घालवितो. चौकात उभे असता एंजिन जे पीत राहते ते निराळेच.

संकरित गाडीचे मर्म येथेच आहे. चालकाने ब्रेक हलकेच दाबला असता तिचे विद्युत्-चलित्र उलट काम करून जनित्र बनते, व गाडीच्या गतीचे विजेत रूपांतर करून ती विजेरीत साठविते. ये-जा करताना काही ऊर्जा गळतेच. तरीही निम्म्याच्या आसपास हाती लागते, आणि पुढचा आरंभ त्या विजेवर होतो. उभ्या गाडीत एंजिन बंद राहते व वातानुकूलन विजेरीवर चालते. ग्रँड व्हिटारा व हायरायडर यांची विजेरी केवळ ०.७६ किलोवॉट-तासांची असल्याने चेन्नईच्या उन्हात ती दहा-पंधरा मिनिटांत उतरते, आणि एंजिनाला पुन्हा जागे व्हावे लागते. परंतु बहुतेक चौक एवढा वेळ अडवून धरीत नाहीत.

दुसरे मर्म एंजिनात आहे. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८० च्या दशकात असे एंजिन योजिले की, ज्यात वायूचे प्रसरण त्याच्या आकुंचनाहून लांबवर चालते, व त्यामुळे उष्णतेतून अधिक काम निघते. आजच्या एंजिनांत आत येणाऱ्या हवेची झडप उशिरा मिटून तोच परिणाम साधतात. या पद्धतीने कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या जवळपास नेता येते. मात्र कमी वेगात एंजिनाचा जोर घटतो. ही उणीव विद्युत्-चलित्र भरून काढते. १९९७ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसमध्ये एंजिन व चलित्र यांची सांगड सूर्यमालेसारख्या रचनेच्या दंतचक्रांनी घातली होती, आणि पुढील पुष्कळ गाड्यांत तीच युक्ती आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. ‘माइल्ड हायब्रिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीत एक लहान चलित्र एंजिनाला हातभार लावते. गाडी एकट्या विजेवर ती सहसा चालवू शकत नाही. सोय म्हणून ती वाईट नाही, परंतु वरील वर्णन तिला लागू करून दाखविणाऱ्या विक्रेत्याचे बोलणे तेथेच थांबवावे.

आता अंकगणित. लिटरमागे किती किलोमीटर, या भाषेने आपली नेहमी फसवणूक होते. वर्षाला १२,००० किलोमीटर जाणारी गाडी लिटरला १२ ऐवजी २० किलोमीटर जाऊ लागली, तर पेट्रोल १,००० लिटरांवरून ६०० लिटरांवर येते; वाचले ४०० लिटर. परंतु २० ऐवजी २८ जाऊ लागली, तर फरक तेवढाच आठाचा असूनही केवळ १७१ लिटर वाचतात. म्हणून तुलना नेहमी वर्षाला किती लिटर, अशीच करावी. हायरायडरच्या संकरित रूपासाठी जाहीर झालेला २७.९७ हा आकडा चाचणीगृहातील आहे, हेही विसरू नये.

समजा, जादा किंमत तीन लाख व पेट्रोल लिटरला शंभर रुपये. शहरात रोज अडकणाऱ्या कुटुंबाला १२ ऐवजी २० किलोमीटर मिळाले, तर वर्षाला ४० हजार वाचतात व रक्कम साडेसात वर्षांत वसूल होते. तेवढेच अंतर मोकळ्या महामार्गावर कापणाऱ्यास १७ ऐवजी २१ मिळाले, तर जेमतेम साडेतेरा हजार वाचतात, आणि वसुलीस बावीस वर्षे लागतात. तोवर गाडी राहत नाही. भाड्याने शहरात वर्षाला ३०,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीची वसुली मात्र तीनच वर्षांत होते. व्याजाचा विचार केल्यास प्रत्येक मुदत आणखी लांबते. कर्ज काढून गाडी घेणाऱ्याने ही गोष्ट विशेष ध्यानी धरावी. जादा तीन लाखांवरील व्याज पहिल्या काही वर्षांत पेट्रोलची बरीचशी बचत खाऊन टाकते. उलट बाजूस, उत्तर प्रदेश सरकारने जुलै २०२४ मध्ये दिली तशी नोंदणी-करातील माफी आपल्या राज्यात असल्यास हिशेब पालटतो. तेव्हा प्रथम चौकशी तेथे करावी.

महामार्गावर फायदा का आटतो? तेथे ब्रेक क्वचितच लागतो, आणि ऊर्जा हवेच्या विरोधात जाते. वेग दुप्पट झाला की हा विरोध चौपट होतो, व त्यात खर्चलेले कोणतीही विजेरी परत आणू शकत नाही. घाटाविषयीही पुष्कळांचा गैरसमज आढळतो. मसुरीहून डेहराडूनकडे हजार मीटर उतरताना चौदाशे किलोग्रॅमची गाडी १ कोटी ३७ लाख जूल ऊर्जा सोडते. उपरोक्त विजेरीत, ती पूर्ण रिकामी धरली तरी, २७ लाख मावतात. वाटेतील घर्षण वजा जाताही विजेरी अर्ध्या उतारापूर्वीच भरते. त्यापुढे एंजिनाच्या अवरोधावरच उतरावे लागते, आणि चालकाने त्यासाठीची दांड्याची जागा आधीच माहीत करून घ्यावी.

निर्णयापूर्वी आठवडाभर एक वही ठेवावी : रोजचे अंतर, लागलेला वेळ व थांब्यांची संख्या. सरासरी वेग ताशी २० किलोमीटरांच्या आत व वार्षिक अंतर १५,००० च्या पुढे असेल, तर आमच्या मते संकरित गाडी घ्यावी. सरासरी ४० च्या वर असेल, तर ते पैसे राखून ठेवावेत. मधल्या मंडळींनी शांतता व सहज चालणे यांना स्वतः किती मोल द्यावयाचे, हे ठरवावे. पसंत पडलेल्या गाडीची, ती कोणत्याही प्रकारची असो, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एन्‌कॅप चाचणीतील श्रेणी अवश्य विचारावी.

संकरित गाडी ठरलीच, तर मागचे दार उघडून सामानाची जागा पाहावी, कारण विजेरीने तिच्यातील बराच भाग व्यापलेला असतो. विजेरीवरील हमी किती वर्षांची व किती किलोमीटरांची, हे लेखी घ्यावे. पुष्कळ गाड्यांत विजेरी थंड ठेवणारी हवा मागील आसनाजवळच्या जाळीतून आत जाते. तिच्यावर सतरंजी अथवा पिशव्या पडल्या, किंवा ती धुळीने बुजली, तर विजेरी तापून तिचे आयुष्य घटते. ही जाळी नेमकी कोठे आहे, हे गाडी ताब्यात घेतानाच दाखवून घ्यावे.