सावलीची कडा आणि निद्रेचा आरंभ

जयपूरच्या चारदीवारीत, राजवाड्याला लागूनच, सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे. १७२७ साली त्याने हे नगर वसविले आणि १७३४ च्या सुमारास तेथील यंत्रे उभी राहिली. त्यांतील सम्राट यंत्राची तिरपी भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे. तिची सावली दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवरून सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने सरकते. त्यांवरील सर्वांत बारीक भाग दोन सेकंदांचा आहे. निद्रेच्या चेताविज्ञानाचे प्रात्यक्षिक शिक्षण देणाऱ्यास आपला पहिला पाठ या आवारात खुशाल घेता येईल.

विद्यार्थ्याला वेळ वाचावयास सांगावे. तो प्रथम गोंधळून जातो. दोन सेकंदांच्या खुणा समोर आहेत, परंतु सावलीला कडाच नाही! सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब आहे. त्यामुळे पंधरा मीटर अंतरावरील भिंतीची सावली सुमारे चौदा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यात हळूहळू विरळ होत जाते. काळाच्या मापाने हा पट्टा दोन मिनिटांचा झाला. यावर उपाय आहे. वर्तुळखंडापासून बोटभर उंचीवर एक बारीक काडी धरावी आणि ती हलक्या हाताने पुढे-मागे न्यावी. तिची स्वतःची सावली जेथे विरून जाते ती जागा खरी कडा समजून वाचावी. थोड्या सरावाने दोन माणसांची वाचने एकमेकांच्या पुष्कळ जवळ येतात. हे कौशल्य पुस्तकातून मिळत नाही. ते हाताला लागावे लागते.

प्रयोगशाळेत झोपलेल्या माणसाचा आलेख वाचताना नेमकी हीच अडचण उभी राहते. डोक्यावरील त्वचा स्वच्छ करून ठरावीक अंतरांवर विद्युत्अग्रे चिकटवावयाची. दोन डोळ्यांच्या बाहेरील कोपऱ्यांपाशी आणि हनुवटीखालीही ती लावावयाची. त्वचेचा विद्युत्रोध पुरेसा खाली आला नाही तर सारी रात्र वाया जाते. म्हणून शिकाऊ हात पहिले काही दिवस केवळ अग्रे लावणे आणि काढणे यातच रमवावेत, हे बरे. पुढे आलेखाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडतात. कागद सेकंदाला दहा मिलिमीटर या वेगाने धावत असे आणि त्याचे पान तीस सेंटिमीटरांचे असे, त्या काळची ही प्रथा आहे. कागद गेला, प्रथा राहिली. आठ तासांच्या रात्रीचे असे ९६० तुकडे होतात आणि प्रत्येकावर निर्णय द्यावा लागतो.

डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या जाग्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला आठ ते तेरा आंदोलनांच्या अल्फा लहरी दिसतात. झोप लागू लागताच त्या तुटतात, परत येतात, पुन्हा तुटतात. तुकड्याचा अर्ध्याहून अधिक भाग अल्फा लहरींवाचून गेला तर तो निद्रेत धरावा, असा संकेत आहे. संकेत म्हणजे निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. अनुभवी वाचकांतही या उथळ पहिल्या टप्प्याविषयीच मतभेद सर्वाधिक होतात.

डोळ्यांजवळची अग्रे कशासाठी, हे युजीन असेरिन्स्की याच्या कामावरून उमगते. शिकागो विद्यापीठात १९५१ साली एका जुन्या यंत्राला त्याने आपला आठ वर्षांचा मुलगा जोडला. मुलगा गाढ झोपलेला, पण लेखण्या डोळ्यांच्या जलद हालचाली नोंदवीत होत्या. यंत्र बिघडले असावे, अशी त्याला प्रथम शंका आली. १९५३ साली त्याने नथॅनियल क्लाइटमन यांच्यासह हे संशोधन प्रसिद्ध केले. या अवस्थेत मेंदूचा आलेख जागेपणासारखाच दिसतो. तो एकटाच पाहणारा वाचक स्वप्न पाहणाऱ्या माणसास ‘जागा’ म्हणून नोंदवील. हनुवटीचे स्नायू मात्र सैल पडलेले असतात, आणि तेथेच चूक पकडता येते.

आता पुन्हा सम्राट यंत्राकडे वळावे. कारण झोप कशी आहे याइतकेच ती केव्हा येते, हेही महत्त्वाचे आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. जयपूर त्याच्या पश्चिमेस असल्याने तेथील सूर्य सरासरीने सुमारे २७ मिनिटे मागे असतो. शिवाय सूर्याची गती वर्षभर सारखी नसते. म्हणून जयपूरचा खरा मध्यान्ह फेब्रुवारीच्या मध्यास घड्याळात बारा वाजून एकेचाळीस मिनिटांच्या आसपास येतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी बारा वाजून दहा मिनिटांनी. मुंबईत ही सरासरी तफावत ३९ मिनिटांची आहे. तेथे १९५५ पर्यंत स्वतंत्र ‘मुंबई वेळ’ चालू होती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

शरीराचे घड्याळ प्रमाणवेळ जाणत नाही. जंतरमंतर उभारले जात असतानाच, १७२९ साली, फ्रान्समध्ये द मेराँ याने लाजाळूसारखे एक झाड अंधारात ठेवले. त्याची पाने तरीही ठरावीक वेळी उघडत-मिटत राहिली. १९७२ साली सस्तन प्राण्यांतील या घड्याळाचे स्थान उघड झाले: दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, मेंदूच्या तळाशी, सुमारे वीस हजार पेशींचा एक जोड-पुंज. माणसात त्याचा दिवस सरासरीने २४ तास ११ मिनिटांच्या आसपास भरतो. प्रकाशाने तो दररोज जुळवून घेतला नाही तर आठवड्यात तासाभराहून अधिक मागे पडेल.

काही माणसांत हे घड्याळ कायमचेच उशिरा चालते. पहाटे तीन वाजेपर्यंत डोळा लागत नाही, सकाळी उठवले तर दिवसभर ग्लानी. पुढे ‘विलंबित निद्रा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या विकाराचे वर्णन १९८१ साली झाले. तोवर अशांना निद्रानाशाचे रोगी समजून गोळ्या दिल्या जात आणि कित्येकांना आळशी ठरविले जाई. एका रात्रीच्या आलेखात यांची झोप अगदी निर्दोष दिसू शकते, फक्त चुकीच्या वेळी. म्हणून विद्यार्थ्याने आलेख काढण्यापूर्वी त्या व्यक्तीकडून दोन आठवड्यांची रोजनिशी मागून घ्यावी: दिवा केव्हा मालवला, झोप केव्हा लागली असे वाटते, जाग केव्हा आली, सकाळचा उजेड केव्हा अंगावर घेतला. सुट्टीचे दिवस वेगळ्या शाईने लिहावयास सांगावे. त्या दिवशी कोणी उठवीत नाही, आणि आतील घड्याळाची वेळ तेथेच वाचावयास मिळते.