डायलिसिसवरचे सासरे आणि दमलेली सून

शंका : सासरे ७१ वर्षांचे. आठवड्यातून दोनदा त्यांना बिदरला डायलिसिसला न्यावं लागतं. यजमान दुकानात, दीर हैदराबादला. नेणं-आणणं, पथ्याचं वेगळं रांधणं माझ्याच अंगावर. हल्ली ते म्हणतात, "माझ्यापायी घर बुडालं, आता नेऊ नका." काय बोलावं?
— एक सून, हुमनाबाद

समाधान : ताई, "असं अभद्र बोलू नका" म्हणून त्यांना गप्प करू नका. नक्की काय नकोसं झालंय ते विचारा : सुई, प्रवास, की नंतरचा थकवा? थकवा, पायांत येणारे गोळे डॉक्टरांना सांगितले तर बऱ्याचदा उपाय निघतो. झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. डायलिसिस मात्र परस्पर थांबवू नका.

खर्चाचं म्हणाल, तर २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना जिल्हा रुग्णालयात डायलिसिस मोफत मिळतं. कार्ड, कागद, चौकशी हे दिरांकडे सोपवा. फोनवरून "काळजी घ्या" म्हणणं फार स्वस्त असतं! महिन्यातल्या दोन खेपाही त्यांनी कराव्यात. आणि हे तुमच्या यजमानांनी भावाला सांगायचं, तुम्ही नव्हे.

सासऱ्यांनाही काम हवं. रोज वजन करून वहीत लिहिणं, दिवसाचं ठरलेलं पाणी स्वतः बाटलीत भरणं, फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुईसाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर बोटं ठेवून थरथर लागते का पाहणं, हे त्यांच्याकडे द्या. थरथर थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

वेगळी चूल बंद करा. मीठ सगळ्यांचंच कमी करा. ज्याला हवं त्याने लोणचं-पापड वेगळं घ्यावं. मीठ कमी झालं की त्यांची तहानही कमी होईल. 'कमी सोडियम'चं मीठ मात्र आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि ते त्यांना घातक ठरू शकतं. डायलिसिसपूर्वी डाळ कमी करायला सांगितलेली असते, आणि तुरीच्या या मुलखातही पुष्कळ घरं तेच पथ्य पुढे चालवतात. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनं जास्त लागतात. किती, ते आहारतज्ज्ञांना विचारा.

शंका : वडील डायलिसिसवर आहेत. वीरभद्रेश्वराच्या जत्रेला नेऊ का?

समाधान : डॉक्टरांची हरकत नसेल तर जरूर न्या. डायलिसिसची पाळी चुकवू नका. तारीख अडत असेल तर केंद्राशी बोलून आधीच बदलून घ्या. केळं, शहाळं टाळा. प्रसाद चिमूटभर पुरे.