क्वांट व्हायचंय? मग आधी हे वाचा

कुरखेड्याकडे तेंदूपत्त्याचा लिलाव आधी होतो, तोडणी मे महिन्यात. मधल्या काळात बाजार पडला तर ठेकेदार फसतो, चढला तर गावाचं नुकसान. या जोखमीचा हिशोब म्हणजेच क्वांटिटेटिव्ह फायनान्स!

सुरुवात शेल्डन रॉस यांच्या 'अ फर्स्ट कोर्स इन प्रॉबॅबिलिटी'ने करा; पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस पुरतं. मग जॉन हल यांचं 'ऑप्शन्स, फ्यूचर्स अँड अदर डेरिव्हेटिव्ह्ज'. आपला तेंदूचा करार म्हणजे फॉरवर्डच, हे तिथे कळेल. १९७३ चं ब्लॅक-शोल्स सूत्रही भेटेल. स्टीव्हन श्रीव्ह यांचे स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसचे दोन खंड शेवटी. ते आधी उघडले तर धीर सुटेल.

आणि हो, नुसतं वाचू नका. प्रत्येक उदाहरण वहीत सोडवा, मग संगणकावर. मुलाखतीत पुस्तकांची नावं नाही, गणितं विचारतात.