एकास वीस हजार

माझ्या वडिलांनी साताऱ्याच्या दुय्यम निबंधक कचेरीबाहेर बसून तीस वर्षे लोकांचे दस्त लिहिले, आणि खरेदीखत असो वा बक्षीसपत्र, सही-अंगठा होऊन दस्त नोंदला जाईपर्यंत कोणाही भल्या माणसाच्या शब्दावर विसंबू नये, हे त्यांनी आम्हा भावंडांना इतक्या वेळा ऐकवले की पुढे पुढे ते आमच्या कानांवरून नुसतेच वाहून जाऊ लागले. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठात मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी पदवीच्या दुसऱ्या वर्षी रुजू झाले, तेव्हा हा उपदेश मी साताऱ्यातच ठेवून आले होते. जिथे सत्याचा शोध चालतो तिथे दस्तऐवजाचे काय काम, अशी माझी त्या वयाची समजूत होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई स्वभावाने गोड होत्या, हे मी आजही मान्य करते. पहिल्या भेटीत, कॉफीचा पेला हातात घेऊन जिन्यावरून उतरता उतरता, “मन लावून काम केलेस तर निबंधावर तुझे नाव येईलच,” असे त्या म्हणाल्या आणि मी ते वचन मानले. दर सत्राला या कामाचे तीन श्रेयांक माझ्या खाती जमा होत, म्हणजे आठवड्याला नऊ-दहा तास मी तिथे राबावे अशी अपेक्षा असे (प्रत्यक्षात ते पंधरा-सोळा होत), आणि त्या तीन श्रेयांकांचे शुल्क आमच्या गावच्या बँकेने दिलेल्या शैक्षणिक कर्जातून जाई. थोडक्यात, मजुरी मी करत होते आणि मजुरीचे पैसेही मीच भरत होते. हा हिशेब त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही, याची मला आज लाज वाटते.

काम भयाच्या स्मृतीचे होते. उंदराला आधी काही दिवस रोज हातात घ्यायचे, म्हणजे माणसाच्या हाताचे भय त्याच्या हिशेबात मिसळत नाही. मग एक सूर ऐकवून पायाला हलका विजेचा झटका द्यायचा. दुसऱ्या दिवशी नुसता सूर ऐकवायचा. नुकत्याच जागलेल्या चेतापेशीच्या केंद्रकात सी-फॉस नावाचे प्रथिन साठू लागते आणि सुमारे दीड तासाने ते भरात येते, म्हणून नव्वदाव्या मिनिटाला गाढ भूल देऊन, हृदयावाटे आधी मिठाचे पाणी व मग फॉर्माल्डिहाइडचे द्रावण सोडून मेंदू काढून घ्यायचा. तो साखरेच्या तीस टक्के पाण्यात तळाला बसला की क्रायोस्टॅटमध्ये त्याचे चाळीस मायक्रॉन जाडीचे काप करायचे, त्यांतला दर सहावा काप सी-फॉसला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने रंगवायचा, आणि मऊ कुंचल्याने पाण्यातून उचलून काचेवर असा पसरायचा की त्याला घडी पडू नये. असे बत्तीस उंदीर, प्रत्येकाचे सहा काप, आणि प्रत्येक कापाच्या डाव्या-उजव्या बाजूचे बदामावरून ॲमिग्डला हे नाव पडलेले पण उंदरात बदामाहून कितीतरी लहान असणारे केंद्र. म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी क्षेत्रांतील तपकिरी ठिपके मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक करून मोजले. मोजणाऱ्याला कोणती काच कोणत्या गटातील उंदराची हे कळता कामा नये, म्हणून काचांवर सांकेतिक क्रमांक असत आणि त्यांची यादी प्रयोगशाळेतल्या पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतर संशोधन करणाऱ्या, गृहस्थांच्या खणात असे. मोजणारा आंधळा असावा हा नियम शास्त्राला धरूनच आहे. मी मात्र तो जरा जास्तच मनावर घेतला.

तिसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात लागोपाठ चार वेळा सगळे काप एकसारखे तपकिरी झाले, ठिपका कुठला आणि भोवतालची जमीन कुठली हे ओळखू येईना. शुक्रवारच्या बैठकीत दहा जणांदेखत पोस्टडॉक गृहस्थ म्हणाले की, पदवीच्या पोरांच्या हातून काप धुणे नीट होत नाही, त्याचा हा परिणाम आहे. बाईंनी मान डोलावली. मी खाली जाऊन माझी नोंदवही आणली आणि दाखवले की ज्या तारखेपासून काप बिघडले, त्याच तारखेपासून प्रतिपिंडाच्या कुपीवरचा लॉट नंबर बदललेला आहे. ती नवी कुपी त्या गृहस्थांनीच काढली होती आणि जुन्याच प्रमाणात, एकास पाच हजार, पातळ करून वापरायला दिली होती. सशाच्या रक्तापासून केलेल्या प्रतिपिंडाचा प्रत्येक लॉट निराळ्या ताकदीचा निघू शकतो, हे त्या खोलीत सर्वांना ठाऊक होते. कुपीवरचा आकडा उतरवून ठेवण्याचे श्रम मात्र एकटीने घेतले होते. त्यानंतरचे तीन रविवार मी पाच, दहा, वीस आणि चाळीस हजार अशी चार प्रमाणे करून काप रंगवले आणि एकास वीस हजार या प्रमाणात ठिपके निरभ्र रात्रीच्या चांदण्यांसारखे वेगळे दिसू लागले. माझी क्षमा कोणी मागितली नाही. “चला, सुटला प्रश्न,” एवढेच ते गृहस्थ म्हणाले, आणि तेही जणू प्रश्न आपोआप सुटला होता अशा सुरात.

शेवटच्या वर्षी मार्चमधल्या एका सकाळी उद्वाहनाजवळच्या फलकावर तो निबंध डकवलेला दिसला. छापला गेल्याचे मला कोणी कळवले नव्हते. छपाईला धाडल्याचेही नव्हते. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून मी उभ्याने वाचू लागले. तिसऱ्या आकृतीतले स्तंभ माझे होते. त्यांची उंची मला पाठ होती. पद्धतीच्या परिच्छेदात प्रतिपिंडाचे प्रमाण छापले होते: एकास वीस हजार. मग मी वर जाऊन नावे पाहिली. चार होती, त्यांत माझे नव्हते. काही चुकले असेल म्हणून पुन्हा वाचली, मग शेवटी आभाराच्या बारीक टायपात शोधले, तर तिथे ‘तांत्रिक साहाय्याबद्दल प्रयोगशाळेतील पदवीपूर्व विद्यार्थ्यांचे’ आभार मानले होते. नाव तिथेही नव्हते. शेजारून लोक येत-जात होते, उद्वाहनाची घंटी वाजत होती, आणि मी त्या बहुवचनात स्वतःला शोधत उभी होते.

बाईंनी मला पंधरा मिनिटे दिली आणि त्यांतली निम्मी जेवता जेवता दिली. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. पण त्या समजूत घातल्यासारख्या बोलल्या. तुला श्रेयांक मिळाले, उत्तम श्रेणी मिळाली, आणि निबंधावरचे नाव बौद्धिक सहभागाला असते, हातांच्या कामाला नसते. पुढे त्यांनी मला शिफारसपत्र दिले, त्यात मी कष्टाळू, वक्तशीर आणि मनमिळाऊ असल्याचे लिहिले होते, जे कोणत्याही चांगल्या मोलकरणीबद्दल लिहिता येते. रात्री मी घरी फोन केला. वडिलांनी सारी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, “पोरी, कागद कुठे आहे?”

या वाटेने जाणाऱ्या मुलामुलींसाठी, विशेषतः कर्ज काढून परदेशी गेलेल्या आपल्या मराठी मुलांसाठी, मी ही कैफियत लिहीत आहे; तीत माझा सल थोडा अधिक उतरला असेल तर तो त्यांनी वजा करून घ्यावा. प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वी तिच्या मागच्या पाच-सहा वर्षांच्या निबंधांवरील नावे वाचावीत आणि तिथून बाहेर पडलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी कितींची नावे त्यांत आहेत हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे; आत असलेली मुले खरे सांगत नाहीत, मीही सांगितले नसते. पहिल्या महिन्यातच, कोणत्या कामाबद्दल नाव मिळते हे स्पष्ट विचारावे आणि त्याच संध्याकाळी, ‘आज आपले असे बोलणे झाले, माझ्या समजुतीत काही चूक असल्यास कळवावे,’ असे चार ओळींचे ईपत्र प्रमुखांना पाठवावे. यात अविनय काहीच नाही. जमिनीच्या दस्तात चतुःसीमा लिहितात, त्या शेजाऱ्याशी भांडण आहे म्हणून नव्हे.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे नियम मी सगळे झाल्यावर वाचले. त्यांत लेखकपणाच्या चार अटी आहेत: कामात भरीव सहभाग, मजकूर लिहिण्यात वा तपासण्यात वाटा, अंतिम मसुद्याला संमती आणि कामाची जबाबदारी. पहिल्या अटीत माहिती मिळवणे हेही स्पष्ट शब्दांत येते, आणि ती अट जो पुरी करतो त्याला उरलेल्या अटी पुऱ्या करण्याची संधी द्यावी असेही तिथे म्हटले आहे. मसुदा कधी मला दाखवलाच नाही, आणि मसुदा पाहिला नाही म्हणून मी लेखक ठरले नाही! तेव्हा मसुदा मागा. नाही दिला तर तोही ईपत्रातच मागा. आणि संख्याशास्त्र शिका. मी मोजलेल्या आकड्यांचे तक्ते त्या गृहस्थांच्या हवाली करून मोकळी होत असे. त्या आकड्यांचे स्तंभ मी स्वतः काढले असते, तर केवळ हात म्हणून मला बाजूला सारणे इतके सोपे गेले नसते. वेळेवर जेवावे, झोप पुरेशी घ्यावी, रात्री एकट्याने क्रायोस्टॅटच्या पात्याशी खेळू नये, हे तर कोणीही सांगेल.

कँडेस पर्ट या मेंदूवैज्ञानिकेची गोष्ट मला नंतर कोणीतरी सांत्वनादाखल ऐकवली. अफूजन्य द्रव्ये मेंदूत जिथे चिकटतात ती ग्राहके तिने विद्यार्थिदशेतील संशोधनात दाखवून दिली, 1973 साली तो निबंध प्रसिद्ध झाला, आणि 1978 सालचे लास्कर पारितोषिक तिला वगळून तिच्या मार्गदर्शकाला व अन्य दोघांना दिले गेले. तिने उघड निषेध नोंदवला. सांत्वन मला फारसे झाले नाही. तिचे नाव निदान निबंधावर होते, आणि पहिले होते.

निबंधातले निष्कर्ष खोटे आहेत असे मी कोठेही म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. ते आकडे खरे आहेत, मीच मोजले आहेत. नोंदवही विद्यापीठाच्या मालकीची असते, म्हणून ती मला नेता आली नाही; निदान त्या तीन रविवारांच्या पानांची नक्कल मिळावी असा अर्ज मी केला, त्याला उत्तर आलेले नाही. दुसऱ्या कपाटाच्या खालच्या फळीवर ती असेल, निळ्या पुठ्ठ्याची, आणि पहिल्या पानावर माझे पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट.