फुकटचा ओंडका : चिरावा की सोडावा?

पावसाळ्याच्या तोंडावर वडाळ्यात फाइव्ह गार्डन्सच्या परिसरातील रस्त्यांवरून फिरणाऱ्याला पदपथाच्या कडेला रचलेले ओंडके हमखास दिसतात. कोठे वर्षावृक्षाच्या छाटलेल्या फांद्या, कोठे वाऱ्याने मोडलेला गुलमोहर. बहुतेक ओंडके हातभर ते पुरुषभर लांबीचे आणि दोन-अडीच फूट घेराचे असतात. वादळाच्या वर्षी हे ढीग वाढतात. ५ ऑगस्ट २०२० रोजीचा झंझावात आणि १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेलेले तौक्ते चक्रीवादळ या दोन्ही वेळी शहरातील असंख्य झाडे उन्मळून पडली. त्याआधी ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगड जिल्ह्यातील वाड्या अक्षरशः आडव्या केल्या होत्या. अशा वेळी शाळा, गृहनिर्माण संस्था आणि ग्रामपंचायती यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो. हे लाकूड फुकट मिळत आहे, तर ते चिरून फळ्या का करू नयेत?

हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा निकडीचा झाला आहे. छाटणीचे लाकूड सरपण म्हणून विकून टाकण्याची वाट अरुंद होत चालली आहे. मुंबईतील बेकऱ्यांच्या भट्ट्यांनी लाकूड व कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. तेव्हा ओंडक्याचे काय करावयाचे, हे आधीच ठरविणे भाग आहे.

ओंडका फुकट असला, तरी फळी फुकट पडत नाही. हा फरक ध्यानात येण्यासाठी लाकूडबाजारातील साध्या मोजणीपासून सुरुवात करावी. ओंडक्याच्या मध्यभागी दोरीने घेर घ्यावा, त्याचा चौथा हिस्सा काढावा, त्याचा वर्ग करावा आणि त्यास लांबीने गुणावे. सर्व मापे फुटांत असली म्हणजे उत्तर घनफुटांत येते. दोन फूट घेराचा व पाच फूट लांबीचा ओंडका घेतल्यास घेराचा चौथा हिस्सा अर्धा फूट, त्याचा वर्ग पाव आणि पाच पटीने सव्वा घनफूट. या रीतीत खऱ्या आकारमानाच्या सुमारे ७८ टक्केच लाकूड मोजले जाते. साल व चिराईतील घट यांची सवलत तीत अंशतः आधीच धरलेली असते. शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला हा हिशेब उपयोगी आहे. वर्तुळाचे सूत्र आणि वखारीचे सूत्र यांतील फरक विद्यार्थी दोरीनेच पडताळून पाहू शकतात.

आता या सव्वा घनफुटातून हाती काय येते, ते पाहावे. दोन फूट घेर म्हणजे जेमतेम साडेसात इंच व्यास. साल आणि थोडा वाकडेपणा यांसाठी एक इंच सोडला, तर आत बसणारा चौरस पावणेपाच इंचांहून किंचित लहान भरतो. पातळ पात्याच्या पट्टा करवतीवर त्यातून एक इंच जाडीच्या व साडेचार इंच रुंदीच्या चार फळ्या निघतील. त्यांचे आकारमान अवघे ०.६२५ घनफूट, म्हणजे मोजलेल्या मापाच्या निम्मे. चक्री करवतीची चीर पाव इंच गेली, तर चौथी फळी हातची जाते. फळ्या वाळताना आकसतात. पुढे रंध्याखाली इंचाची पाऊण इंच होते. मधल्या दोन फळ्यांच्या कडेला गाभ्याचा मध्यबिंदू येतो आणि तेथून त्या तडकण्याचा संभव असतो. चांगली म्हणावी अशी लाकडाची रक्कम अर्ध्या घनफुटाच्याही खाली उतरते.

दहा ओंडक्यांचे उदाहरण घेऊ. दर केवळ गणितासाठी कल्पिले आहेत, प्रत्येकाने ते आपल्या वखारीत विचारून बदलावेत. दहा ओंडक्यांतून वाळून व रंधून साडेचार घनफूट फळी मिळाली आणि तशाच हलक्या लाकडाची तयार फळी बाजारात ६०० रुपये घनफूट असली, तर मालाची किंमत २,७०० रुपये होते. टेंपोस १,२००, हमालीस ८०० आणि चिराईस ९०० रुपये लागले, तर खर्च २,९०० होतो. वाळवणीची जागा, रंधाई व देखरेख अजून धरलेलीच नाही. वडाळ्याहून रे रोडचा लाकूडबाजार हार्बर मार्गावर अवघी तीन स्थानके आहे, पण टेंपोचे भाडे व हमाली या अंतराने फारशी कमी होत नाहीत.

याउलट चार फूट घेराचा, पाच फुटांचाच ओंडका पाच घनफूट भरतो. घेर दुप्पट होताच माप चौपट झाले. तो उचलण्यास चौपट माणसे लागत नाहीत, चिरताना वाया जाणारा भाग प्रमाणाने कमी राहतो आणि फळ्या रुंद निघतात. सुताराच्या दृष्टीने नऊ इंची एक फळी साडेचार इंची दोन फळ्यांपेक्षा कितीतरी मोलाची. म्हणून तीन फुटांहून कमी घेराचा साधा ओंडका चिरण्यासाठी न्यावयाचा, तर त्यास वेगळे कारण असले पाहिजे.

ते कारण बहुधा लाकडाच्या जातीत सापडते. गुलमोहराचे लाकूड हलके, ठिसूळ आणि लवकर कुजणारे असते. मोठा ओंडकाही त्यापायी चिरू नये. वर्षावृक्षाचा गाभा गडद तपकिरी व देखणा असून थायलंड व फिलिपिन्समध्ये त्याच्या कोरीव वाडग्यांचा मोठा व्यवसाय आहे. मात्र भोवतालचे पिवळसर रसकाष्ठ भुंगेऱ्यांना चटकन बळी पडते. लहान फांदीत हे रसकाष्ठच अधिक असते, हे विसरू नये. किनारपट्टीवरील भेंड लहान असूनही चिरण्याजोगा ठरू शकतो, कारण त्याचा गाभा कठीण व टिकाऊ असतो. आंबा मध्यम प्रतीचा, खोकी व साध्या मांडणीसाठी ठीक. नारळाच्या खोडाचा न्यायच निराळा. तेथे बाहेरचा भाग कठीण आणि आतला मऊ, त्यामुळे फळ्या कडेच्याच घ्याव्या लागतात.

पाइन या भागात उगवत नाही, पण वडाळ्याच्या गोदामांच्या पट्ट्यात तो खोक्यांच्या व पाटांच्या रूपाने येतो. लोक त्याला सरसकट ‘देवदारी खोके’ म्हणतात, जरी ते लाकूड बहुधा देवदाराचे नसते. परदेशातून आलेल्या पाटावरील शिक्क्यात ‘एचटी’ ही अक्षरे असली, तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटे तापविलेले असते. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली. तो माल शाळेच्या बाकासाठी घेऊ नये. एचटी पाट आधीच चिरलेला व बहुतांशी वाळलेला असल्याने खिळे काढण्याचे कष्ट सोडले, तर तो लहान ओंडक्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतो.

जात पटली तरी ओंडक्याचे तोंड पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. वलयांचा मध्यबिंदू एका बाजूस सरकलेला असेल, तर ते लाकूड फांदीचे किंवा कललेल्या खोडाचे समजावे. अशा लाकडात ताण साठलेला असतो आणि फळी करवतीखालून सुटताच धनुष्यासारखी वाकते. शहरातील झाडात आणखी एक धोका दडलेला असतो. जाहिरातीच्या पाट्या, रोषणाईच्या तारा आणि वर्षानुवर्षांचे खिळे सालीने गिळलेले असतात. एक खिळा करवतीचे पाते निकामी करतो, म्हणूनच पुष्कळ गिरण्या रस्त्याकडेच्या झाडांना नाही म्हणतात. धातुशोधक फिरवावा. तो नसेल, तर सालीवरील काळे-निळे डाग तरी न्याहाळावेत.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. झाड रस्त्यावर पडले म्हणून ते कोणाचेही होत नाही. नागरी क्षेत्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाखालील वृक्ष प्राधिकरण आणि जागेचा मालक यांची लेखी संमती घ्यावी. आरा गिरणीला वनखात्याचा परवाना लागतो. गावातून लाकूड हलविण्यापूर्वी वाहतूक परवाना लागतो किंवा कसे, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे.

चिरण्याचे ठरले, तर विलंब करू नये. मुंबईच्या दमट हवेत ओल्या ओंडक्यावर काही दिवसांतच बुरशी धरते. दोन्ही तोंडांना त्याच दिवशी मेण किंवा जाड रंग फासावा. चिरलेल्या फळ्या टाकणखार व बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवून छपराखाली रचाव्यात. मध्ये दर दोन फुटांवर सारख्या जाडीच्या रिपा, त्याही एकावर एक ओळीने, आणि वर दगडांचे वजन. इंची फळीला काही महिने द्यावे लागतात. पावसाळ्यात रचलेली फळी दिवाळीपर्यंत वाळेल, अशी आशा धरू नये.

ज्या ओंडक्यांना नकार मिळाला, त्यांनाही काम आहे. जाड तुकडे उभे करून शाळेच्या अंगणात बैठका होतात, सरळ फांद्या रोपांच्या कुंपणाला चालतात आणि बाकीचा भुगा करून झाडांच्याच आळ्यात पसरता येतो. वडाळ्यातल्या ढिगातून खडूने खूण करताना शंभरातले दहा ओंडके जरी गिरणीकडे निघाले, तरी निवड सैल झाली नाही ना, हे दोरी घेऊन पुन्हा एकदा मोजून पाहावे.